प्रत्यक्ष पाहून

१

मास्तर रोज सकाळी साडेसातला खिडकीपाशी बसत आणि साडेबाराला उठत. मधल्या पाच तासांत तळहाताएवढे काम झाले, तर तो दिवस चांगला गेला असे ते समजत. शाळेतली चित्रकलेची नोकरी सुटून अकरा वर्षे झाली होती, तरी गल्लीतले लोक त्यांना मास्तरच म्हणत.

काम एकच होते: परमुलखातल्या रानटी जनावरांचे चेहरे काळ्या शाईत काढायचे. रंग नाही, कुंचला नाही. टाक दौतीत बुडवायचा, दौतीच्या काठावर एकदा टेकवायचा आणि एकेक केस ओढायचा. मुंगीखाऊचे लांबट तोंड, ओकापीचे रुंद कान, हिमबिबट्याच्या मिशा. मान संपून खांदे सुरू झाले की मास्तर रेघा विरळ करीत नेत आणि खांद्यांखाली कागद कोरा सोडत. पाय त्यांनी कधी काढले नाहीत. चेहऱ्याच्या चित्राला पायांची गरज नाही, असे ते म्हणत.

डोळा सर्वांत शेवटी. त्यात ते मोहरीएवढी पांढरी जागा राखत. ती खिडकी असे: चार काचा, मध्ये एक उभी पट्टी, एक आडवी. ज्या खिडकीपाशी ते बसत, तीच. तिच्या खालच्या काठावर ते एक काळा ठिपका ठेवीत. तो ठिपका म्हणजे ते स्वतः. खोलीत मागे कोणी बसले असते, तर त्याला खिडकी दिसली असती, आणि खिडकीपुढे मास्तरांची पाठ. हिशेब चोख होता.

मागे कोणी बसलेले नसे. तिथे भिंतीला टेकून एक वेताची खुर्ची होती, तीही रिकामी.

तीस वर्षांपूर्वी पहिले चित्र टपीराचे झाले. ते एका मासिकातल्या छायाचित्रावरून काढले होते, आणि छायाचित्रात जनावराचे डोळे मेलेल्या माशासारखे होते. म्हणून मास्तरांनी त्यांत आपली खिडकी घातली, आणि टपीर जिवंत झाला. शाळेच्या प्रदर्शनात कोणीतरी विचारले, “मास्तर, हा काय तुमच्यासमोर बसला होता?” मास्तर म्हणाले, “बसला होता ना. वेताच्या खुर्चीत.” लोक हसले. दुसऱ्या चित्राखाली त्यांनी बारीक अक्षरांत लिहिले: ‘प्रत्यक्ष पाहून रेखाटले’. या वेळी कोणी हसले नाही. सर्वांनी माना डोलावल्या. मास्तरांनी ते वाक्य खरवडून काढले नाही. तिसऱ्या चित्राखालीही तेच लिहिले, आणि मागाहून टपीराखालीही.

थट्टा आणि खोटे यांच्यामधल्या उंबरठ्याला पाय अडखळत नाही. म्हणून तो ओलांडल्याचे माणसाला कळत नाही. देवाला कळते.

मास्तरांनी त्यांपैकी एकही जनावर कधी पाहिले नव्हते.

२

घरात दुसरे माणूस म्हणजे ताई. मास्तरांहून नऊ वर्षांनी मोठ्या. आई लवकर गेली तेव्हा धाकट्या भावाला त्यांनीच वाढवले, आणि म्हातारपणी विधवा होऊन त्याच्याकडेच आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उजेड कळे, माणसाचा आकार कळे, चेहरा कळत नसे. खोलीच्या बाजूच्या भिंतीशी दिवाण होता. त्यावर बसून त्या सकाळभर देवाचे नाव घेत आणि टाकाची कुरकुर ऐकत. आवाजावरून त्यांना कळे, केस चालले आहेत की सावली.

“त्या जनावराला एकदा न्हाव्याकडे ने रे,” त्या म्हणत. “साडेसातपासून केसच चाललेत.” किंवा मास्तर पाणी प्यायला उठून मध्येच उभे राहिले, तर म्हणत, “सरक. उजेड अडतोय. आहे तेवढा तरी मिळू दे मला.”

एका मंगळवारी मास्तर दहा वाजता निब आणायला बाहेर पडले. दुकानात गर्दी होती. परतायला साडेअकरा झाले. ताई रुसून बसल्या होत्या.

“एवढं सगळं सांगितलं तुला. एकदा हूं म्हणायला काय होत होतं?”

मास्तरांनी सांगितले, मी दुकानात होतो.

“म्हणजे काय? खुर्चीत बसला होतास की. तू हललास की वेत वाजत होता.”

मास्तरांनी ताईंच्या डोळ्यांचा विचार केला आणि वाद घातला नाही. नजर अधू झाली की माणसाला सावलीचाही माणूस दिसतो. वेत उन्हाने ताणतो आणि वाजतो. त्यांनी खुर्चीजवळ जाऊन बैठकीवर हात ठेवला. वेताची वीण मधोमध खोल गेली होती आणि ऊबदार होती. त्या भिंतीवर अकराला ऊन येते, हे त्यांना आठवले, आणि त्यांचे समाधान झाले.

जेवताना त्यांनी विचारले, काय सांगत होतीस?

“आता पुन्हा नाही सांगणार,” ताई म्हणाल्या. “ज्याने ऐकलं त्याला विचार.”

३

त्याच महिन्यात प्राणिसंग्रहालयाला जोडलेल्या वस्तुसंग्रहालयाच्या अधीक्षकबाई स्वतः घरी आल्या. उंच, सडपातळ, मोजके बोलणाऱ्या. मास्तरांची चाळीस चित्रे एका लांब दालनात कायमची लावायची, असा त्यांचा विचार होता. अडतीस तयार होती, दोन व्हायची होती. अट एकच. छायाचित्रांवरून केलेल्या नकला त्यांची संस्था लावीत नसे. म्हणून सर्व चित्रे प्रत्यक्ष पाहून काढली आहेत, असे प्रतिज्ञापत्र हवे होते.

“तुमच्या प्रत्येक चित्राखाली ते लिहिलेलंच आहे,” बाई म्हणाल्या. “तेच एकदा सहीनिशी द्या.”

मास्तर म्हणाले, देतो.

बाई गेल्यावर ताई कितीतरी वेळ बोलत होत्या. डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख दिली होती. डोळा उघडला की आधी देवाची तसबीर पाहायची आणि मग थेट त्या दालनात जायचे, असे त्यांनी ठरवून टाकले. इतकी वर्षे भाऊ कुठकुठल्या जनावरांसमोर जाऊन बसला, घरी येऊन ती काढत राहिला, आणि आपण नुसता टाक ऐकला. आता तरी बघू.

मास्तर ऐकत होते. सही केली तर नाव भिंतीवर चढणार होते. नाही केली, तर तीस वर्षांचे बोलणे ताईंसमोर उघडे पडणार होते, तेही त्यांचा डोळा उघडेल त्याच आठवड्यात. ज्या बहिणीने त्यांना खरे बोलायला शिकवले, तिच्यासमोर.

पुढे पंधरा दिवसांत उरलेली दोन चित्रे झाली. मग क्रमांक घालण्यासाठी मास्तरांनी चाळीसही चित्रे वर्षांच्या क्रमाने जमिनीवर मांडली आणि भिंग घेऊन पहिल्यापासून पाहायला सुरुवात केली.

टपीराच्या डोळ्यातला ठिपका सुईच्या टोकाएवढा होता. दहाव्या चित्रात तो खालच्या काचेच्या निम्म्यावर आला होता. विसाव्यात त्याला डोके आणि खांदे होते. तिसाव्यात त्याने खालच्या दोन्ही काचा व्यापल्या होत्या. चाळिसाव्यात, आठ दिवसांपूर्वी पुऱ्या झालेल्या जॅग्वारच्या डोळ्यात, चारांपैकी तीन काचा काळ्या होत्या. खिडकी मात्र सगळीकडे तेवढीच होती.

मास्तरांनी चित्रकला छत्तीस वर्षे शिकवली होती. पाहणारा पुढे सरकत आला, तर त्याच्या जवळची वस्तू भराभर मोठी होते आणि लांबची तेवढी होत नाही, हे ते सातवीच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवीत. खिडकी लांब होती. त्यांची पाठ मध्ये होती. पाठ मोठी होत गेली होती.

वयाने हात जड झाला, असे त्यांनी स्वतःला सांगितले. मग जॅग्वारच्या गालावरचे केस भिंगाखाली पाहिले. पहिल्या टपीरापेक्षा ते कितीतरी बारीक होते. हात जड झाला नव्हता.

त्यांनी भिंग खाली ठेवले. मागे वेत एकदाच वाजला. बसताना वाजतो तसा नव्हे. उठताना वाजतो तसा.

खुर्ची रिकामी होती. फक्त ती भिंतीला टेकलेली नव्हती. भिंत आणि खुर्ची यांच्यामध्ये वीतभर जागा होती.

४

मास्तरांनी खुर्ची भिंतीला लावली. दुसऱ्या दिवशी ती दोन वीत पुढे होती. केरवाली बाई हलवीत असेल. बाईला विचारले, तर ती म्हणाली, “मी तुमच्या खोलीत एका कागदाला हात लावत नाही. मागे एकदा दौत सांडली तेव्हा काय ऐकवलंत ते लक्षात आहे माझ्या.” ते खरे होते.

शस्त्रक्रियेला चार दिवस उरले. ताई प्रसन्न होत्या.

“हल्ली जवळ बसतोस,” त्या म्हणाल्या. “बरं वाटतं.”

मास्तरांनी विचारले, किती जवळ?

“हात लांबवला तर लागशील इतका.”

“लांबवलास का कधी?”

“कशाला? तुझं काम चाललेलं असतं. टाक ऐकू येत असतो ना मला.”

टाक खिडकीपाशी चालतो. दिवाण तिथून आठ पावलांवर आहे. ताईंनी या दोन गोष्टी एकत्र केल्या नव्हत्या. त्या एका ठिकाणी ऐकत होत्या आणि दुसऱ्या ठिकाणी पाहत होत्या, आणि दोन्हीकडे त्यांना आपला भाऊच होता.

तेव्हा सांगून टाकायला हवे होते. मास्तर दिवाणावर ताईंशेजारी जाऊन बसलेही.

“ताई, ही जनावरं…”

“काय जनावरं?”

“काही नाही.”

ताई हसल्या. “देवघरातला दिवा फोडलास तेव्हाही ‘काही नाही’च म्हणाला होतास. सात वर्षांचा होतास. संध्याकाळपर्यंत मी वाट पाहिली. शेवटी तूच येऊन सांगितलंस.”

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मास्तरांनी काही सांगितले नाही. अंधार पडण्यापूर्वी त्यांनी प्रतिज्ञापत्र लिहिले, आणि ज्या टाकाने केस ओढत, त्याच टाकाने खाली सही केली. अक्षर सुरेख आले. टीपकागद दाबताना त्यांच्या मानेवर ऊब आली, कोणी ओणवून पाहावे तशी. त्यांनी मान वळवली नाही. खिडकी बंद आहे, हवा कोंडली आहे, असे ते मनात म्हणाले.

५

खोट्याला दोन वाटा असतात. ते मागे घ्यावे, नाहीतर त्याचा पुरावा नाहीसा करावा. मास्तर सज्जन होते. चोरीला, लाचेला त्यांचा हात कधी लागला नव्हता. तरी त्यांनी दुसरी वाट धरली, कारण तिच्यावर कोणाला काही सांगावे लागत नव्हते.

त्यांचा विचार सरळ होता. डोळ्यात खिडकी आहे, म्हणून ही खोली आहे. खोली आहे, म्हणून तिच्यात बसणारा आहे. खिडकी बुजवली की खोली संपली. तेव्हा चाळीस चित्रे, ऐंशी डोळे. दोन दिवस बसून त्यांनी प्रत्येक डोळ्यातली उरलेली पांढरी जागा शाईने भरून टाकली. खाली लिहिलेल्या वाक्याला हात लावला नाही.

वेत वाजला नाही. खुर्ची होती तिथेच राहिली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. तिसऱ्या दिवशी संग्रहालयाची गाडी येऊन चित्रे आणि प्रतिज्ञापत्र घेऊन गेली. चौथ्या दिवशी ताईंची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली, आणि डोळ्यावर पट्टी बांधून त्या घरी आल्या. दोघांनी देवाला हात जोडले. मास्तरांनी जरा अधिक वेळ जोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अधीक्षकबाईंचा फोन आला. चित्रे भिंतीवर चढली होती.

“डोळ्यांत तुम्ही बदल केलात,” बाई म्हणाल्या. मास्तरांच्या हातात फोन घट्ट झाला. पण बाईंच्या बोलण्यात तक्रार नव्हती. “पूर्वी वाटायचं, ते लांबून कोणाला तरी बघतायत. आता अगदी अंगाला अंग लावून उभे असल्यासारखे वाटतात. समोर जो आहे त्याच्याशिवाय त्यांना काही दिसतच नाही. आमचा शिपाई दालनात एकटा थांबायला तयार नाही.” आणि त्या थोडेसे हसल्या.

मास्तरांनी फोन ठेवला. सातवीच्या मुलालाही तो हिशेब कळला असता. जितका जवळ, तितका ठिपका मोठा. ठिपका खिडकीएवढा झाला म्हणजे पाहणाऱ्याला मधली पाठ सोडून काही दिसत नाही. त्याच्या आणि पाठीच्या मध्ये जागा उरलेली नाही.

ते अंतर त्यांनी स्वतःच्या हाताने मिटवले होते. ऐंशी वेळा.

६

पट्टी निघाली. ताईंनी आधी देवाची तसबीर पाहिली, मग भावाचा चेहरा पाहिला, आणि म्हणाल्या, “किती म्हातारा झालास रे.” दालनात जायला डॉक्टरांनी आठवडाभर थांबायला सांगितले होते. तोवर दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब घालायचे होते.

सकाळी नऊला मास्तरांनी साबणाने हात धुतले. ताईंना चांगला उजेड मिळावा म्हणून त्यांनी वेताची खुर्ची खोलीच्या मधोमध आणून खिडकीकडे तोंड करून ठेवली. ताई तीत बसल्या आणि मान मागे टेकली. मास्तर त्यांच्या उजव्या बाजूला वाकले, एका बोटाने खालची पापणी ओढली आणि बाटली उलटी धरली.

डोळा स्वच्छ होता. कित्येक वर्षांत मास्तरांनी तो असा पाहिला नव्हता. काळ्याभोर बाहुलीवर खिडकी उमटली होती: चार काचा, उभी पट्टी, आडवी पट्टी. उजव्या काठाशी एक लहान गोल, ते त्यांचे स्वतःचे डोके. तीस वर्षे जे त्यांनी मनाने काढले, ते पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांसमोर होते, आणि तंतोतंत तसेच होते. त्यांना क्षणभर आनंद झाला.

मग खिडकीच्या मधोमध काळे दिसले.

आपलीच सावली, असे समजून मास्तर डावीकडे झुकले. डोळ्यातले डोके डावीकडे झुकले. मधले काळे जागचे हलले नाही. ते उजवीकडे झुकले. डोके उजवीकडे आले. मधले तसेच राहिले.

त्याला कान होते. मान एका जनावराची होती आणि गाल दुसऱ्याचा. कडेचा प्रत्येक केस वेगळा होता, बारीक, मास्तर ओढत त्याच बाजूला ओढलेला. खांद्यांपाशी केस विरळ होत गेले होते, आणि खांद्यांखाली काही नव्हते. तिथून खिडकीचा उजेड सरळ आत येत होता. त्याचा चेहरा खोलीकडे होता. त्याला डोळे होते. त्यांत खिडकी नव्हती.

बाटलीच्या तोंडाशी थेंब लोंबत होता. तो पडेना.

ताई शांत होत्या. उजव्या डोळ्याची पापणी भावाच्या बोटाखाली होती आणि नजर त्याच्या खांद्यावरून सरळ पुढे.

“त्याला म्हणावं, जरा सरक,” त्या म्हणाल्या. “उजेड अडतोय.”

मास्तर वळले नाहीत. सात वर्षांच्या वयातली ती दिव्याची संध्याकाळ त्यांना आठवली. आता बोललो तर अजूनही सुटेन, असे त्यांना वाटले. देवाचे नाव घेऊन ते बोलले.

“ताई, मी खोटं लिहिलं. मी यातलं एकही जनावर कधी पाहिलेलं नाही.”

थेंब पडला. ताईंनी डोळा मिटला, पुन्हा उघडला, आणि लहानपणी ज्या आवाजात समजावत, त्याच आवाजात म्हणाल्या,

“अरे, समोर उभं असताना कशाला खोटं बोलतोस?”